न सांगता पटणारी खूण

2003 साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात मी एका रात्री स्वतःचंच सिम रीडरला लावून बसलो होतो. रीडर कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला जोडलेला. पडद्यावर आकडा चढत होता, दहा हजार, वीस हजार. प्रत्येक आकडा म्हणजे कार्डाला विचारलेला एक प्रश्न. पहाटे कार्डातली गुप्त किल्ली बाहेर आली. आम्ही कारागीर तिला नुसतं ‘केआय’ म्हणायचो. 128 बिटांची ती किल्ली पडद्यावर 32 अक्षरांत मावली होती. ती मी कोऱ्या कार्डात भरली, दोन हँडसेट शेजारी ठेवले आणि दुकानाच्या फोनवरून माझा नंबर फिरवला. ज्या हँडसेटने शेवटी रेंज पकडली होती, तो वाजला. मग दुसरा बंद करून चालू केला. आता तो वाजला. माझ्या हाताला घाम सुटला.

कारण तोवर माझा त्या चिपवर गाढ विश्वास होता, आणि तो विनाकारण नव्हता. अमेरिकेत 1983 पासून जे अ‍ॅनालॉग फोन चालले, ते आपला नंबर आणि फोनचा अनुक्रमांक हवेत उघड बोलून दाखवत. गडाच्या दारावर परवलीचा शब्द ओरडून सांगावा, तसं. झाडीत दडलेल्याने ऐकला की पुढच्या वेळी तोही आत. चोर स्कॅनर घेऊन रस्त्याकडेला बसत आणि बिल भलत्याच माणसाला येई. आपल्याकडे हा काळ आलाच नाही. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तो थेट जीएसएम या डिजिटल पद्धतीवर.

जीएसएमचं सिम म्युनिकच्या गीझेक आणि डेव्ह्रिएंटने 1991 मध्ये फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीसाठी बनवलं. त्यामागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. किल्ली दोनच ठिकाणी असते, कार्डात आणि कंपनीच्या केंद्रात. नेटवर्क 128 बिटांचा एक यदृच्छ आकडा पाठवतं. कार्ड तो किल्लीत कालवून 32 बिटांचं उत्तर देतं. तिकडे केंद्रानेही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली की ओळख पटली, आणि किल्ली कुणी उच्चारलीसुद्धा नाही. माझं मुंबईचं सिम दिल्लीत गेलं, तर मुंबईचं केंद्र प्रश्न आणि उत्तरांचा तयार गठ्ठाच दिल्लीला धाडायचं, बोलणं गुप्त ठेवायच्या तात्पुरत्या किल्लीसकट. त्यामुळे दर कॉलला मुंबईला विचारावं लागत नसे आणि परक्या कंपनीच्या हाती मूळ किल्ली कधी पडत नसे. इतकं थोडक्यात आणि इतकं चोख!

मग बिघडलं कुठे? गणितात. बऱ्याच कंपन्यांनी कॉम्प128 नावाची एकच कृती वापरली आणि ती झाकून ठेवली. एप्रिल 1998 मध्ये मार्क ब्रिसेनो, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी दाखवून दिलं की सुमारे दीड लाख प्रश्न विचारले तर आठेक तासांत किल्ली हाती लागते. तिच्यातून निघणाऱ्या 64 बिटांच्या तात्पुरत्या किल्लीतही 10 बिटं कायम शून्य होती. कृती आधीच चारचौघांत मांडली असती, तर ही खोट पहिल्याच वर्षी सापडली असती, असं माझं ठाम मत आहे. पुढे 3जीसाठी मिलेनाज ही कृती आली. ती उघड छापलेली आहे, आणि तिच्या मुळाशी डेमन आणि रायमेन या बेल्जियन गणित्यांचं रायनडाल आहे.

त्या रात्रीनंतर गिऱ्हाईक रात्रभर सिम ठेवून जायला निघालं की मी ते परत हातात द्यायचो. रात्रभर हाती असलेल्या कार्डाचं काय करता येतं, ते मी पाहिलं होतं.

दुसरी खोट मात्र किल्लीच्या चोरीपेक्षा मोठी होती. 2जीमध्ये फोन स्वतःची ओळख पटवतो, पण टॉवर पटवत नाही. जवळच कुणी खोटा टॉवर उभा केला, तर फोन निमूट त्याला चिकटतो. 3जीत नेटवर्कलाही आपण खरे आहोत हे सिद्ध करावं लागलं, आणि जुनाच प्रश्न पुन्हा वापरला तर तो क्रमांकावरून कार्डाला कळू लागला. तरीही फोन 2जीवर उतरला की जुनी खोट परत येते. काही नव्या अँड्रॉइड फोनांत 2जी बंद करायची सोय आहे. दुरुस्तीचा फोन परत देताना मी ती गिऱ्हाइकाला दाखवतो. पण गावाकडे त्यांच्या घरात फक्त 2जीचीच रेंज येते का, हे आधी विचारून घेतो.