पेझ

ऑस्ट्रियातील पेपरमिंटच्या गोळ्या. आज गोळ्यांपेक्षा त्यांच्या डब्या अधिक प्रसिद्ध. एडुआर्ड हास (तिसरे) यांनी १९२७ मध्ये व्हिएन्नात या गोळ्या काढल्या. सिगारेट ओढणाऱ्यांना पर्याय हा हेतू असल्याने १९४९ ची डबीही लायटरच्या घाटाची होती. जाहिरातींत गणवेशातली ‘पेझ-कन्या’ झळके. १९५२ मध्ये पेझ अमेरिकेत गेले आणि गिऱ्हाईक बदलले: मुलांसाठी फळांचे स्वाद आले, डबीवर मुंडके बसले. ते मागे कलवले की गळ्यातून एक गोळी पुढे सरकते. पुडीत गोळ्या बाराच. १९५८ मध्ये पॉपाय आला, मग इतर कार्टून पात्रे. गोळ्या संपल्या तरी डबी उरते, आणि बालपणीचा जिव्हाळा तिच्यातच साठतो.

१९८७ मध्ये डबीला बुडाशी पाय जोडले गेले. म्हणून जाणकार संग्राहक आधी डबी उलटी करून पाहतात: बिनपायांची सहसा जुनी. दांड्यावरच्या पेटंट क्रमांकावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. ईबे हे संकेतस्थळ पेझच्या देवघेवीसाठी निघाले, ही कथा प्रसिद्धीसाठी रचलेली होती; तरी ती सहज खपली, इतके हे वेड खरे आहे. कनेक्टिकटमधील ऑरेंज येथे कंपनीने २०११ मध्ये अभ्यागत केंद्र उघडले. तेथे जुन्या डब्या मांडल्या आहेत.