फोर्टनाइट : चौदा रात्रींचा शब्द

दोन आठवड्यांच्या कालावधीसाठी वापरला जाणारा ‘फोर्टनाइट’ हा इंग्रजी शब्द अमेरिकेत जुनाट समजला जातो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि भारतात मात्र तो आजही रूढ आहे.

जुन्या इंग्रजीतील ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या शब्दांचा संक्षेप होऊन हा शब्द तयार झाला. त्यातील ‘फोर्ट’ हा चौदा या संख्येचा अवशेष असून किल्ल्याशी त्याचा संबंध नाही. प्राचीन जर्मानिक लोक काळाची गणना दिवसांऐवजी रात्रींनी करीत, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मेनिया’ या ग्रंथात आढळते. याच पद्धतीतून ‘सात रात्री’, म्हणजे आठवडा, या अर्थाचा ‘सेनाइट’ हा शब्दही रूढ झाला होता. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मध्ये आणि जेन ऑस्टेनच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत तो आढळतो. पुढे तो व्यवहारातून लुप्त झाला. फोर्टनाइट मात्र टिकून राहिला.

मराठीत त्यासाठी ‘पंधरवडा’ हा प्रतिशब्द वापरला जातो. तथापि, दोहोंचे मोजमाप भिन्न आहे. पंधरवड्याचा संबंध चांद्रमासातील पक्षाशी आहे. शुक्ल किंवा कृष्ण पक्षात १५ तिथी असतात आणि त्यांचा सरासरी काळ सुमारे पावणेपंधरा दिवसांचा भरतो.

हा फरक केवळ शब्दकोशापुरता मर्यादित नाही. भारतातील बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख राखीव निधी म्हणून ठेवावा लागतो आणि त्याची सरासरी फोर्टनाइटनुसार काढली जाते. निधी कमी पडल्यास बँकेला दंडात्मक व्याज भरावे लागते. त्यामुळे या शब्दाची कायद्यातील व्याख्या महत्त्वाची ठरते. पूर्वीच्या व्याख्येनुसार शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंतचे १४ दिवस म्हणजे फोर्टनाइट होय. २०२५ च्या बँकिंग कायदे सुधारणा अधिनियमाने ही व्याख्या बदलून महिन्याची १ ते १५ तारीख आणि १६ तारखेपासून महिनाअखेर, असे दोन भाग निश्चित केले. परिणामी पहिला भाग नेहमी १५ दिवसांचा, तर दुसरा महिन्यानुसार १३ ते १६ दिवसांचा होतो.

अशा रीतीने शब्द तोच राहिला असला, तरी भारतीय बँकिंग कायद्यात त्यातील चौदा रात्रींचा हिशेब मागे पडला असून त्याचा अर्थ मराठी पंधरवड्याच्या अधिक जवळ आला आहे.