रे साहेबांची मंडई, फुल्यांचं नाव

लॉजवर उतरलेल्या बाईला भाजी घेऊन करायचंय काय? तरी पुण्यात आले की एक सकाळ मी मंडईसाठी राखून ठेवतेच. उन्हाळ्याच्या तोंडावर आलं तर पुरंदरचे अंजीर मिळतात, तेवढं निमित्त पुरतं. यंदा पाटीतले मऊ, फुटायला आलेले अंजीर मी उचलले, तर विकणाऱ्या मावशींनी ते काढून घेतले. "गाडीनं जायचंय ना? मग हे नको." देठापाशी अंगठ्यानं हलकेच दाबत त्यांनी एकेक फळ निवडलं आणि वर बजावलं, "उद्या खा, आज नाही."

मधे अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूबाजूंना फाकलेली लांब दालनं, उंच छप्पर आणि खाली ओट्यांवर रचलेली भाजी. 1886 साली ही इमारत खुली झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. ऊन, पाऊस, चिखल सगळं डोक्यावर घेऊन. तेव्हा पक्की मंडई हवी होती, यात शंका नाही. नगरपालिकेची कचेरीही बरीच वर्षं याच इमारतीत होती. खाली घासाघीस आणि वर ठराव, अशी सोय दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असं वाटत नाही.

तिला नाव दिलं गेलं ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. पण ती बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे सभासद होते जोतीराव फुले. एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. सभेत एकटं पडण्याची त्यांना सवय होती. 1880 साली लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायला नकार देणारे ते एकटेच. माळ्याच्या घरातला माणूस भाजीबाजाराच्या मुळावर कशाला उठेल? इकडे मंडईचं काम चालू असतानाच, 1883 मध्ये, ते 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. भाजी विकायला छप्पर झालं तरी पिकवणाऱ्याच्या हातात काय उरतं, हा त्यांचा हिशेब होता.

पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 'रे मार्केट'ची महात्मा फुले मंडई झाली. गौरव खराच, पण त्यातला खट्याळपणा अत्र्यांच्या लक्षात आला नसेल, हे मला पटत नाही.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आता फुल्यांचंच नाव आहे. ते बांधून घेणारा पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड नंतर पुण्यात विभागीय कमिशनर झाला आणि 1888 मध्ये लाचलुचपतीच्या प्रकरणात अडकला. लाचेचा आरोप चौकशीत सिद्ध झाला नाही, पण हाताखालच्या मुलखातून कर्ज उचलल्याबद्दल नोकरी गेली. अभय मिळेल या भरवशावर साक्ष दिलेल्या मामलेदारांवर नंतर गदा आली, तेव्हा टिळक त्यांच्या बाजूनं उभे राहिले. टिळकांचा पुतळा पुण्याच्या मंडईत आहे, 1924 साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडलेला. आणि क्रॉफर्डच्या मागे ही चौकशी लावली कोणी? तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनं.