अनोळखी गाव, रात्र आणि रस्ता



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, की हे रस्ता सुरक्षा सप्ताहातलं भाषण आहे, इतिहासाच्या व्याख्यानमालेत याचं काय काम? परका देश, रात्रीची करमणूक आणि रस्ता. पण या विषयाला निदान साडेतीनशे वर्षांचा लिखित इतिहास आहे. आणि आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला त्यात एक फार जुना प्रश्नही दिसतो: माणसाची जबाबदारी नेमकी कुठल्या क्षणी सुरू होते?

प्रश्न पुस्तकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. आज ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी परदेशात शिकतंय, नोकरी करतंय, किंवा दोन आठवडे फिरायला गेलंय. विमानात बसवताना आपण त्यांना पासपोर्टची, औषधांची आठवण करतो. रस्त्याची सहसा करत नाही.

आता जरा मागे जाऊ. जुन्या शहरांत रात्र ही परक्या माणसानं बाहेर पडण्याची वेळच नव्हती. पॅरिसमध्ये १६६७ साली चौदाव्या लुईनं पोलिसांचं नवं पद निर्माण केलं, त्यावर ला रेनी यांना नेमलं, आणि त्यांच्या काळात रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील टांगले जाऊ लागले. लंडनमध्ये पैसे घेऊन मशाल धरणारी पोरं असत. नाटक सुटलं, खानावळ बंद झाली, की ती गिऱ्हाइकाला घरापर्यंत पोचवत. त्यांतली काही त्याला सरळ लुटारूंच्या हाती नेऊन देतात, अशीही बदनामी होती. मुद्दा असा, की रात्री घरी कसं परतायचं हा प्रश्न त्या माणसालाही होताच, आणि परक्याला दुसऱ्यावर विश्वास टाकल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नव्हतं.

१८०७ साली लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. पुढे शतकभरात उजेड वाढला, शहरं रात्री जागायला लागली. अंधाराची भीती कमी झाली आणि तिची जागा वेगानं घेतली. मोटारी नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या, तोच १८९७च्या सप्टेंबरात लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीचालकानं दारूच्या नशेत विजेवर चालणारी टॅक्सी एका इमारतीवर नेऊन आदळली. त्याला शिक्षा झाली. म्हणजे मोटार आणि मद्य यांची गाठ मोटारीइतकीच जुनी आहे.

मोटारीनं आणखी एक गोष्ट केली. तिनं देशाची सीमा ओलांडली. मग १९०९ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात परदेशी चालकासाठी प्रमाणपत्र आलं, आणि भाषा न येणाऱ्यालाही कळतील अशा धोक्याच्या चार खुणा ठरल्या: खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. १९२६ला पॅरिस, १९४९ला जिनिव्हा, १९६८ला व्हिएन्ना असे पुढचे करार झाले. आपल्याकडे आरटीओत मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना याच परंपरेतला. पण या सगळ्या करारांना एक गोष्ट जमली नाही. डावीकडून चालायचं की उजवीकडून, यावर जगाचं एकमत झालं नाही. १९४९चा करार एवढंच सांगतो, की एका देशात एकच बाजू असावी.

यात आपल्या शेजारचं उदाहरण आहे. पोर्तुगालनं १९२८ साली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा मात्र पोर्तुगीज सत्तेखाली असूनही डावीकडूनच चालत राहिला, कारण भोवती सगळा ब्रिटिश हिंदुस्थान. रस्त्यानं राजधानीपेक्षा शेजाऱ्याचं ऐकलं.

ही बाजू किती खोल रुजते, ते एका प्रसिद्ध अपघातातून कळतं. १३ डिसेंबर १९३१ची रात्र, न्यूयॉर्क. विन्स्टन चर्चिल व्याख्यानांच्या दौऱ्यासाठी अमेरिकेत आले होते. जेवण झाल्यावर ते टॅक्सीनं मित्राकडे, बर्नार्ड बरूक यांच्याकडे, निघाले. घराचा नंबर नीट आठवेना. बराच वेळ शोधल्यावर फिफ्थ अॅव्हेन्यूवर ते मधेच उतरले आणि उरलेला रस्ता ओलांडू लागले. पाहिलं डावीकडे, कारण इंग्लंडमध्ये अर्धा रस्ता पार केल्यावर गाडी डावीकडून येते. अमेरिकेत ती उजवीकडून येते. तशी ती आली आणि त्यांना उडवून गेली. डोक्याला, छातीला जबर मार बसला.

त्यांनी चालकाला दोष दिला नाही, चूक आपलीच म्हणाले, आणि पुढे वर्तमानपत्रातल्या लेखात सवयीनं दगा दिल्याचं सांगितलं. त्यांचे शास्त्रज्ञ मित्र लिंडमन यांनी गणित करून कळवलं, की हा धक्का तीस फुटांवरून फरसबंदीवर पडण्याइतका होता. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, आणि बरं होण्यासाठी दारू लागते असं डॉक्टरांचं पत्र चर्चिल यांनी मिळवलं, हीही गंमत खरी.

इथे थांबून विचार करू. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात हे चर्चिल यांना ठाऊक नव्हतं का? अर्थातच होतं. ते तिथे आधीही जाऊन आले होते. त्यांना माहिती होती, पण मान वळली ती सवयीनं. ज्ञान बुद्धीत असतं, सवय अंगात असते, आणि थकलेल्या माणसाच्या बाबतीत रात्री अंगाचंच चालतं. त्यात दोन पेले गेले असतील, तर विचारायलाच नको. म्हणून ‘नियम वाचून जा’ हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. लंडनच्या रस्त्यांवर पावलांपाशी ‘उजवीकडे पाहा’ असं रंगवलेलं असतं. ते लिहिणाऱ्यांनी पाहुण्याच्या ज्ञानावर नव्हे, त्याच्या सवयीवर उपाय केला.

याची दुसरी बाजू स्वीडनमध्ये दिसली. तिथे १९५५ साली जनमत घेतलं, तेव्हा सुमारे ८३ टक्के लोकांनी बाजू बदलायला नकार दिला. तरीही सरकारनं निर्णय घेतला, आणि ३ सप्टेंबर १९६७ला पहाटे पाच वाजता सगळा देश डावीकडून उजवीकडे गेला. भयंकर अपघात होतील असं वाटत होतं. झालं उलटं. काही काळ अपघात कमी झाले, आणि साधारण दोन वर्षांत पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले. का? कारण त्या दिवशी प्रत्येक स्वीडिश माणूस आपल्याच रस्त्यावर परका झाला होता. परकेपणाची जाणीव जागी होती तोवर तो जपून चालला. म्हणजे धोका परकेपणात तेवढा नाही. आपण परके आहोत हे विसरण्यात आहे. आणि रात्रीची मैफल असते ती नेमकी हे विसरण्यासाठीच.

आता मद्याकडे वळू. इसवी सनापूर्वी सहाशेच्या आसपास मिटिलिनी या ग्रीक नगरात पिटॅकस नावाच्या कायदेकर्त्यानं ठरवलं, की नशेत केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा. आपण म्हणू, हे उलटंच झालं, शुद्ध नसलेल्याला सूट हवी. ॲरिस्टॉटलनं अशा दुप्पट दंडाचं कारण दिलंय. प्यालेल्या माणसाला कळत नव्हतं हे खरं, पण न पिणं त्याच्या हातात होतं. म्हणजे जबाबदारी अपघाताच्या क्षणी सुरू होत नाही. ती पहिल्या पेल्याच्या आधी सुरू होते.

आधुनिक कायदा हेच आकड्यांत मांडतो. नॉर्वेनं १९३६ साली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्यात घातली. १९५४ला अमेरिकेत बोर्कनस्टाइन यांनी श्वासावरून मोजणारं यंत्र बनवलं. १९६७ला ब्रिटननं १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. इंग्लंडमध्ये ती आजही तेवढीच आहे, स्कॉटलंडनं मात्र २०१४ साली ती ५०वर आणली. स्वीडनमध्ये ती २० आहे, चेक देशात शून्य. आपल्याकडे कलम १८५नुसार ३०, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता बघा, लंडनचा पाहुणा ‘एवढ्यानं काही होत नाही’ हा घरचा अंदाज घेऊन गोव्यात येतो. तिथे तो घरच्याइतकंच पितो आणि गुन्हेगार ठरतो.

गोव्याचं चित्र आपल्याला परिचित आहे. किनाऱ्यालगतचे अरुंद, वळणांचे रस्ते, मधेच गाई-कुत्री, रात्री उशिरा सुटणाऱ्या पार्ट्या, आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर. तिच्यावर कधी युरोपातला उजवीकडून चालणारा पाहुणा असतो, कधी पुण्या-मुंबईचा पोरगा. दुसऱ्याला बाजू ठाऊक असते, पण वळण अनोळखी असतं. थायलंडला किंवा बालीला गेलेली आपली मुलं हेच करतात, आणि पुष्कळदा चारचाकीच्या परवान्यावर. त्या गाडीसाठी परवाना लागू नसेल, तर प्रवासाचा विमा सहसा हात वर करतो. चर्चिल यांच्यापाशी नाव होतं, मित्र होते, उत्तम डॉक्टर होते. परदेशातल्या इस्पितळात आपल्या मुलापाशी यातलं काय असेल, याचा विचार निघण्यापूर्वीच व्हायला हवा.

मग करायचं काय? बाहेर पडूच नका, असं आम्ही म्हणणार नाही. रात्रीचं शहर पाहणं हाही प्रवासाचाच भाग आहे. पण पिटॅकसचा न्याय लावायचा, तर परतीची सोय पहिला पेला भरण्याआधी झालेली असावी. टॅक्सी असो, शेवटची गाडी असो, गोव्यातला मोटारसायकलवाला ‘पायलट’ असो, नाहीतर न पिणारा सोबती. ते ठरवणारा माणूस शुद्धीवर असतो. रात्री दोन वाजता स्कूटरची किल्ली हातात घेणारा नसतो. दुसरं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहायचं, एकदा नव्हे, दोनदा. तिसरं, हेल्मेट भाड्याच्या गाडीबरोबर मागून घ्यायचं, आणि धड नसेल तर ती गाडीच घ्यायची नाही.

आणि यजमान गावाचंही काही देणं आहे. रात्री उशिरापर्यंत बस, रस्त्यावर उजेड, पाहुण्याला वाचता येईल अशी खूण. मशाल धरणाऱ्या पोराच्या काळापासून परक्याला सुखरूप पोचवणं हे शहराचंच काम राहिलं आहे. पाहुण्यांच्या रात्रींवर जे गाव पैसा कमावतं, त्यानं ते टाळू नये.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.