प्रत्येक सांधेदुखी ‘वात’ नसते: हाडं, सांधे आणि स्नायूंचे नेहमीचे आजार

घरात कुणी गुडघा धरून उठताना दिसलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, “वात आलाय. वय झालं आता.” मग मेडिकलमधून एखादी गोळी येते, शेजारीण तेल सुचवते, कुणी ओळखीच्या माणसाकडून पुडी आणून देतं. आमच्या खालाजानने अशीच एक बिनलेबलची पुडी दोन वर्षं घेतली. गुडघ्याला आराम पडला, पण चेहरा सुजला आणि साखर वाढली. पुडीत स्टिरॉइड असावं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा आम्हाला कळलं की दुखणं कशाचं आहे हे आधी पाहायला हवं, कारण प्रत्येक आजाराचा इलाज वेगळा असतो.

गुडघ्यांची झीज

पन्नाशीनंतर सर्वात जास्त आढळणारा हा त्रास. डॉक्टर याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो झिजतो. जिना चढता-उतरताना, उकिडवं बसताना दुखतं. सकाळी सांधा आखडतो, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो.

यावर पहिला उपाय म्हणजे वजन कमी करणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं. जादा वजन असलेल्याने एक किलो कमी केलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. व्यायाम सोपा आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. पुढचं फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं. “दुखतं म्हणून चालणंच बंद” असं करू नका, त्याने स्नायू आणखी कमजोर होतात.

सगळे उपाय करूनही रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणं कठीण झालं, तर सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये मर्यादा घातली आहे. सरकारी योजनेतून मदत मिळेल का, हे योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं.

आमवात

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा वयाचा आजार नाही. तो तिशी-चाळिशीतही येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांच्या बोटांचे छोटे सांधे, मनगटं सुजतात. सकाळचा आखडलेपणा तास-तासभर जात नाही. कणीक मळणं, बाटलीचं झाकण उघडणं जड जातं.

इथे उशीर महागात पडतो. पहिल्या काही महिन्यांत इलाज सुरू झाला तर सांधे वाचवता येतात. बोटं एकदा वाकडी झाली की गोळ्यांनी सरळ होत नाहीत. यासाठी संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, गाठावा. मेथोट्रेक्सेट हे नेहमी दिलं जाणारं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घेण्याचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. गरोदरपणात ते चालत नाही, तेव्हा मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

युरिक ॲसिड, खांदा, ठिसूळ हाडं

रात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो गाऊट असू शकतो. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात. मटण, विशेषतः कलेजी-गुर्दा, आणि गोड थंड पेयं कमी करावीत. वारंवार त्रास होत असेल तर युरिक ॲसिड कमी करणारी गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते.

हात वर जाईना, केस विंचरता येईनात, तर खांदा आखडला आहे. मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त होतं. बरं व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. साखर ताब्यात ठेवणं आणि नियमित व्यायाम हाच रस्ता.

मासिक पाळी थांबल्यावर बायकांची हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत काही दुखत नाही. डेक्सा तपासणीत ते कळतं. सतत अंग दुखत असेल, थकवा असेल तर व्हिटॅमिन डी तपासावं. दिवसभर घरात असणाऱ्या बायकांनी गच्चीवर, अंगणात थोडं ऊन घ्यावं. 60,000 युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एकच असते, रोज नाही.

कंबरदुखी

साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. पडून राहण्यापेक्षा हळूहळू हालचाल करणं चांगलं. पण कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, रात्री वाढणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबीही असू शकतो. तो औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात.

मुलांचं दुखणं

आम्ही शाळेत “खेळताना लागलं असेल” असं सहज म्हणून जातो. पण मुलाला ताप आहे आणि ते पाय टेकवायला तयार नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात पू झाला असेल तर उशिराने सांधा कायमचा जातो. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्याचं दुखणं दुसऱ्यात सरकत असेल तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. त्याने हृदयाच्या झडपा खराब होतात.

मुरगळ आणि मोडलेलं हाड

मुरगळल्यावर आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ, सैलसर क्रेप बँडेज आणि पाय उंचावर. चोळू नये. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रे आधी. हाड बसवणाऱ्याने घट्ट पट्टी बांधली आणि बोटं निळी, थंड, बधिर झाली, तर पट्टी लगेच सोडून रुग्णालयात जा. रक्तपुरवठा तुटला तर हात-पाय गमावण्याची वेळ येते.

गोळ्या आणि पुड्या

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, किडनीवर परिणाम होतो. बीपी, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांना धोका अधिक. बिनलेबलची पुडी घेऊच नका. आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. स्टिरॉइड अचानक सोडल्यानेही जीव धोक्यात येतो.

रमजानमध्ये औषधांच्या वेळा बदलतात, तेव्हा रोजे असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी नको. आणि गुडघे साथ देत नसतील तर बसून नमाज अदा करण्याची सवलत आजारी माणसाला आहे. लोक काय म्हणतील म्हणून कितीतरी बुजुर्ग त्रास सोसत सजदा करतात. घरच्यांनीच पुढे होऊन त्यांना खुर्ची द्यावी.

थांबू नका

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, पडल्यावर उभं राहता येईना, किंवा तापासह सांधा सुजला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. बाकी दुखण्यांसाठीही निदान एकदा डॉक्टरांना दाखवून आजाराचं नाव कागदावर लिहून घ्या. अम्मी-अब्बांच्या जुन्या चिठ्ठ्या, एक्स-रे एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या भेटीला ती फाइल सोबत न्या.