पेशींच्या मरणाच्या वाटा



वसंत आला की नव्या पालवीचे कौतुक होते. तिच्या आधीच्या पानगळीची आठवण फारशी कोणी काढीत नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांना शरीरातील पेशींच्या एका शिस्तबद्ध मरणासाठी नाव हवे होते. ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने त्यांना पानगळीचाच शब्द सुचविला : अ‍ॅपोप्टॉसिस. या मरणात पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि इतर पेशी ते गिळून टाकतात. गाजावाजा नाही, दाह नाही. इजेमुळे फुटून मरणे निराळे, ते नेक्रोसिस. अशा रीतीने मरणाच्या दोनच जाती ठरल्या, एक शिस्तीची आणि दुसरी अपघाताची.

ही वाटणी सोयीची होती. परंतु सोयीचा शब्द कधी कधी डोळ्यांवरची झापड होऊन बसतो. १९९२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील झिचलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, आमांशाचे शिगेला जंतू गिळलेली भक्षकपेशी स्वतःच मरते. मरण शिस्तीचे दिसले, तेव्हा त्याला अ‍ॅपोप्टॉसिस म्हटले गेले. वस्तुतः ही पेशी मुकाट्याने गळून पडत नव्हती. ती फुटत होती, आणि फुटता फुटता दाहाची दवंडी पिटून इतर रक्षकपेशींना बोलावीत होती. २००१ साली कुकसन आणि ब्रेनन यांनी या मरणाला पायरोप्टॉसिस, म्हणजे जणू अग्निमरण, हे स्वतंत्र नाव दिले.

तिसरी वाटही रक्तातील पेशींतच सापडली. अ‍ॅपोप्टॉसिस घडवून आणणारी कॅस्पेज नावाची प्रथिने अडविली, तरी टी-पेशी मरतात, असे २००० साली स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात दिसले. या प्रयोगात ल्युकेमियापासून वाढविलेल्या जुरकॅट पेशीही होत्या. एक दार लावले तर दुसरे उघडत होते. २००५ साली या मरणाला नेक्रोप्टॉसिस हे नाव मिळाले : दिसायला अपघात, परंतु आतून आखलेला.

आता कोणी विचारील, मेलेल्या पेशींची ही उठाठेव कशाला? उत्तर ल्युकेमियात आहे. १९८८ साली मेलबर्नमध्ये व्हॉ, कोरी आणि अ‍ॅडम्स यांनी दाखविले की, बीसीएल-२ हे जनुक पेशींची वाढ न वेगावता त्यांचे मरण लांबविते. म्हणजे कर्करोगाचे एक मूळ मरण नाकारण्यातही असते. त्या प्रथिनाला अडविणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांसाठी मान्य झाले. पण काही पेशी त्यालाही चकवतात. अशा वेळी दुसरे दार ठाऊक असणे हा रुग्णाच्या जीवाचा प्रश्न होतो. त्याच वर्षी मेलबर्नच्या संशोधकांनी उंदरांवर एक वरवर उफराटा उपाय करून पाहिला. कॅस्पेज-८ अडवून, जोडीला दुसरे औषध देऊन, त्यांनी तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींना नेक्रोप्टॉसिसच्या वाटेवर लोटले. एक मरण रोखून दुसरे घडविले.

मरणे दोनच, असे धरून बसलेल्यांना हा उपाय सुचलाच नसता. झाडाखाली पडलेले प्रत्येक पान पिकूनच पडले असे मानू नये, एवढा धडा या इतिहासातून घेण्याजोगा आहे.