भूमिका-खेळांचे नकाशे : छपाई आणि टिकाऊपणा

टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका वठवण्याच्या खेळात नकाशा सतत हाताळला जातो. त्यामुळे त्याचे आयुष्य कागद, शाई आणि घडी यांवर ठरते. या प्रकारातील पहिला व्यावसायिक खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रकाशकांनी, 'टीएसआर'ने, १९७८ पासून काढलेल्या साहसपुस्तिकांत तळघरांचे नकाशे सुट्या, जाड मुखपृष्ठाच्या आतील बाजूस फिकट निळ्या शाईत छापलेले असत. जाड कागद टिकत असे. पण ती निळी छटा तत्कालीन झेरॉक्स यंत्रांवर नीट उमटत नसे. नक्कल रोखणारी ही छपाई ग्राहकालाही अडचणीची ठरे. वापरासाठी प्रत काढून मूळ नकाशा जपणे त्याला अवघड जाई.

'वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक'मधील (१९८०) डार्लीन यांनी रेखाटलेल्या मोठ्या रंगीत नकाशांसारखे कागदी नकाशे प्रथम घड्या एकमेकींना छेदतात तेथे फाटतात. चौकटी छापलेल्या व्हिनाइलच्या पटांवर पाण्याने पुसता येणाऱ्या पेनांनी आखणी करतात. मात्र शाई बराच काळ राहू दिल्यास कायमचा डाग पडतो. असे पट घडी न घालता गुंडाळून ठेवणे श्रेयस्कर.